डावीकडचा ठिपका

माझे डोळे ठणठणीत आहेत. तीन ठिकाणी तपासले, तिन्ही ठिकाणी हेच सांगितलं. तक्त्यावरची शेवटची ओळ मी आजही न अडखळता वाचते. तरीही गेल्या पावसाळ्यात सहा आठवडे मला जिथं पाहायचं होतं तिथं पाहता आलं नाही, आणि ते मला कळलंही नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत खऱ्या असू शकतात, हे लोकांना पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

मेंदूचा मोठा झटका येऊन गेलेल्यांनी लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं. मला लिहायचंय ते छोट्या झटक्याबद्दल. ज्यात तोंड वाकडं होत नाही, काठी लागत नाही, आणि भेटायला आलेले पाहुणे चहा पिऊन ‘काही झालं असं वाटत तं नाई’ म्हणत निघून जातात. मी हे शांतपणे लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. शांत व्हायला मला अजून वेळ आहे.

मी वनिता. वय एक्केचाळीस. गडचिरोली जिल्ह्यात मुलचेऱ्याच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. आमच्या भागात रक्त तपासणं म्हणजे मुख्यतः मलेरिया शोधणं. बोटाला सुई, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब, त्यावर रंग, आणि ती काच मायक्रोस्कोपखाली. पावसाळ्यात आशाताई गावोगावच्या काचा पिशवीत भरून आणतात आणि माझ्या टेबलावर ढीग लागतो. त्या ढिगातून आजारी कोण ते शोधून काढणं हे माझं काम. सोळा वर्षं केलं. चांगलं केलं, हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

*

जुलैतली सकाळ होती. नवऱ्याचा आणि मुलीचा डबा करायचा म्हणून कणीक मळत होते. एकाएकी डाव्या हाताची बोटं कणकेत आहेत की बाहेर, तेच कळेना. हात दिसत होता, पण तो माझा वाटत नव्हता. श्रुतीला, म्हणजे माझ्या मुलीला, हाक मारायला गेले तर जीभ जड. खाली बसले. वीस मिनिटांनी सगळं जागच्या जागी आलं.

नवरा दिलीप इथल्या आश्रमशाळेत कारकून आहे. त्यानं पाणी दिलं आणि म्हणाला, “पित्त चढलं असन. काल वांगं खाल्लं ना तू.”

त्याला काय बोलायचं? मलाच तेव्हा तेच हवं होतं. केंद्रात जाऊन मी गुपचूप ब्लडप्रेशर मोजलं. चांगलंच वाढलेलं होतं. ज्या मशीननं मी इतरांचं मोजून ‘गोळी चुकवू नका हो’ असं दटावते, त्याच मशीनचा पट्टा सोडून गुंडाळून ठेवला. टेबलावर काचांचा ढीग होता. त्या दिवशी सुट्टी टाकली असती तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते आणि उत्तर ऐकायला थांबत नाही.

*

पुढच्या दिवसांत बारीकसारीक गोष्टी बिनसायला लागल्या.

भाजी चिरताना सुरी डावीकडे ठेवायची, श्रुतीशी दोन शब्द बोलायचे, परत सुरीकडे पाहायचं. सुरी तिथं नसायची. म्हणजे असायचीच, पण माझी नजर भलतीकडेच पडायची, वीतभर अलीकडे. मग शोधाशोध. मिठाचा डबा, चष्म्याची केस, पेनाचं टोपण, सगळ्यांचं तेच. गंमत म्हणजे वस्तू समोर असताना थेट तिच्याकडे पाहिलं तर काहीच अडचण नसायची. ‘ते बघ’ म्हणून कुणी बोट दाखवलं की बरोबर दिसायचं. अडायचं ते फक्त लक्षात ठेवून परत जाताना.

“आई, समोर तं आहे!” श्रुती ओरडायची. मी तिच्यावर ओरडायचे. आमच्या घरात त्या दिवसांत सुरी-चमच्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी लग्नानंतर सासूशी झाली नव्हती.

गावात तपासणी शिबिर लागलं होतं तिथं डोळे दाखवले. चाळिशीचा चष्मा बदलून दिला. मग गडचिरोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं, आत डोकावला आणि म्हणाला, “डोळे एकदम छान. तुम्ही टेन्शन घेता का?”

हो, घेते. तुमच्याकडे येऊन घ्यायला लागले. हे मी मनात म्हटलं. तोंडानं ‘थँक्यू सर’ म्हटलं, ह्याचाही मला आता राग येतो.

*

आता माझ्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हे काम मला शिकवलं करीमभाऊंनी. तेव्हा ते आमच्या केंद्राचे जुने टेक्निशियन होते. आता निवृत्त होऊन गडचांदूरला मुलाकडे राहतात. मायक्रोस्कोपमध्ये डोळा लावला की एक गोल दिसतो. त्यात पांढऱ्या पेशी, रंगाचे कण, धूळ, सगळी गर्दी. त्या गर्दीत मलेरियाचा किडा म्हणजे एक बारीक लाल ठिपका आणि त्याला निळसर बारीक कडी. नवशिकं माणूस काय करतं, कडेला काही लाल चमकलं की लगेच तिकडे नजर फेकतं. तो असतो रंगाचा कण. मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. दहा मिनिटांत डोकं गरगरतं आणि अर्धा गोल पाहायचाच राहतो.

म्हणून करीमभाऊंचा नियम होता. “पोरी, दिसलं म्हणून उडी नाई मारायची. जागा ध्यानात ठेव. रांग पुरी कर. मंग परत ये.”

डावीकडून उजवीकडे नजर न्यायची, शेतात धानाचा रोवणा, म्हणजे लावणी करतात तशी, एकेक ओळ. कडेला दिसलेला ठिपका मनात टाचून ठेवायचा आणि ओळ संपली की अचूक तिथं परतायचं. ह्या नियमावर मी सोळा वर्षं काढली. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरींनाही मी हाच शिकवला. दुसऱ्या तालुक्यातले लोक हसायचे आम्हाला. पण आमच्या काचा फेरतपासणीत कधी चुकल्या नाहीत.

आणि आजारानं माझ्याकडून नेमकं तेवढंच काढून घेतलं होतं. मला माहीत नव्हतं. मी रोज नियम पाळत होते.

*

रैनूबाई ऑगस्टमध्ये आली. आमच्या केंद्रापासून दोन नाल्यांपलीकडच्या गावातली. शेती थोडी, बाकी मोह, डिंक, तेंदूपानावर घर. पाचवा महिना होता आणि तीन दिवसांपासून ताप. सोबत त्यांच्या गावची आशाताई कमल. झटपट तपासणीच्या किट त्या आठवड्यात संपलेल्या, त्यामुळे सगळा भार काचेवर.

मी स्वतः तिच्या बोटाला सुई टोचली. रंग देऊन काच खाली लावली. कितव्या तरी गोलात डाव्या कडेला काहीतरी लाल चमकलं. जागा ध्यानात ठेवली. रांग पूर्ण केली. परत गेले. तिथं एक पांढरी पेशी आणि कचरा. पुन्हा रांग, पुन्हा तेच. ‘रंगाचा कण होता,’ असं म्हणून पुढं सरकले. बाकी काचेवर मला काही दिसलं नाही.

निगेटिव्ह लिहिलं. कमलला म्हटलं, “मलेरिया नाई. अंगातली उष्णता असन, लघवी तपासू.” रैनूबाई माझ्याकडे पाहून हसली होती. तिला बरं वाटलं होतं ऐकून.

चौथ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं तिला खाटेवर घालून आणलं. शुद्ध नव्हती. तोपर्यंत किट आल्या होत्या. किटच्या पट्टीवर मलेरियाच्या दोन रेघा उमटायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इंजेक्शन देऊन गडचिरोलीला पाठवलं. ती वाचली. पोटातलं मूल वाचलं नाही.

आमचे वैद्यकीय अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातले, वयानं लहान. त्यांनी मला आत बोलावून पाणी दिलं. “मॅडम, मनाला लावून घेऊ नका. पहिल्या दिवशी किडे कमी असतील, नंतर वाढले. होतं असं.”

मी मान डोलावली. दोन दिवस मी ते धरून बसले. तिची काच पेटीत होती, माझ्या टेबलापासून चार पावलांवर. काढून पुन्हा पाहायला दोन मिनिटं पुरली असती. मी हात लावला नाही.

*

माझा आजार ओळखला कमलनं. दहावी नापास बाई. तिच्या आधी एका डॉक्टरनं आणि एका शिबिरानं तपासलं होतं.

ती नेहमीसारखी काचा घेऊन आली होती. मी यादीवरचं नाव वाचायचे, तिच्याकडे पाहून विचारायचे आणि परत यादीकडे वळायचे. पाच-सहा नावं झाल्यावर तिनं माझा हात धरला.

“ताई, राग नका मानू. तुमी माह्याकडं पाहून परत कागदाकडं जाता ना, तं कागदावर नाई जात. टेबलावर जाता. मंग सरकत सरकत येता.”

“चष्म्याचा नंबर बदलला आहे.”

“चष्म्यानं असं नाई होत,” कमल म्हणाली. “माह्या सासऱ्याले झटका आला होता, ते असेच करत. तुमी नागपूरले जा.”

मी तिला झापलं. अगदी वाईट बोलले, ‘तू काय डॉक्टर झालीस का’ वगैरे. ती जाता जाता दिलीपला शाळेत गाठून सांगून गेली. तिची मी नंतर माफी मागितली. तिनं ‘जाऊ द्या ना’ म्हटलं. आजारपणात भेटलेल्या चांगल्या माणसांची यादी करायची झाली तर पहिलं नाव कमलचं.

*

नागपूरला एका रुग्णालयात नऊ दिवस होते. स्कॅनमध्ये डोक्याच्या उजव्या बाजूला, मागे-वर, एक छोटा डाग निघाला. मोठे डॉक्टर फिल्म उजेडाला धरून म्हणाले, “लहानसा आहे. लकी आहात.” मागची चार शिकाऊ मुलं पण माझ्याकडे लकी बाईकडे पाहावं तसं पाहायला लागली.

मग एका तरुण डॉक्टरीणबाईनं वेगळी तपासणी केली. अंधारी खोली, हनुवटी टेकवायला पट्टी, समोर पडदा. मधोमध एक दिवा. त्याच्याकडे पाहत राहायचं. बाजूला क्षणभर दुसरा दिवा लुकलुकून विझतो. तिकडे पाहायचं नाही. थांबायचं. मधला दिवा विझला की मग, आता अंधारात, जिथं तो दुसरा दिवा लागला होता तिथं नजर न्यायची.

मला हसू आलं. हा तर करीमभाऊंचा नियम होता. उडी मारायची नाही, जागा ध्यानात ठेवायची, मग परत यायचं. मी म्हटलं, हे मी सोळा वर्षं करतेय.

उजवीकडे सगळं बरोबर गेलं. डावीकडे प्रत्येक वेळी माझी नजर अलीकडेच थांबली. एकामागून एक दोन दिवे दाखवले तेव्हा तर दुसरा कुठल्या कुठे. आणि दिवा विझवला नाही, चालूच ठेवला, तर डावीकडेही अचूक.

ती समजावून सांगायला लागली. चांगली होती बिचारी, कागदावर चित्र काढून सांगत होती. दिसणारी जागा मेंदू थोडा वेळ धरून ठेवतो. तीच आठवण नजरेला ‘इतकी वळ’ असा हुकूम देते. शिवाय नजर हलली की सगळ्या जागा बदलतात, म्हणून मेंदू मनातला नकाशा प्रत्येक वेळी सरकवून घेतो. हे काम जिथं होतं तिथंच माझा डाग होता. “जागा तुम्हाला आठवत असते,” ती म्हणाली. “पण ती आठवण नजरेपर्यंत नीट पोचत नाही. हे सगळं आम्हाला माकडांवरच्या प्रयोगांतून कळलं. माकडांना असेच दिवे दाखवतात, बरोबर पाहिलं की फळाचा रस देतात.”

“माकडाला जमतं?”

“छान जमतं.”

आमच्या क्वार्टरच्या कौलांवर माकडांची टोळी आहे. अंगणातल्या पेरूकडे बघून घेतात, मी काठी घेऊन उभी असले तर तोंड फिरवून बसतात, आणि मी आत वळले की बरोबर त्याच पेरूवर. इतकी वर्षं त्यांना शिव्या दिल्या. त्या खोलीत मला त्यांचा हेवा वाटला आणि हेवा वाटतो म्हणून संताप आला.

मग ती म्हणाली, “काळजी करू नका. तुमच्या रोजच्या जगण्यात फारसं अडणार नाही.”

माझं रोजचं जगणं काय आहे, हे तिनं विचारलंच नव्हतं. फाईलवर ‘गृहिणी’ लिहिलं होतं. कुणी लिहिलं कोण जाणे.

मी सांगितलं. मायक्रोस्कोप, डावी कड, रांग, रैनूबाई. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मी काय सांगतेय, आणि मला त्या पट्टीवर हनुवटी टेकवून रडू फुटलं. तेव्हाच मनात आलेली गोष्ट मग डोक्यातून गेली नाही. रैनूबाई एकटी नसणार. सहा आठवड्यांच्या सगळ्या काचा मीच वाचल्या होत्या. त्यात अजून कोण होतं?

*

वॉर्डात माझ्या शेजारी कोरपन्याकडची एक म्हातारी होती. उजवी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं गेलेलं, फक्त ‘बरं’ एवढा एकच शब्द उरलेला. सुई टोचली तरी बरं, लेक घरी गेली तरी बरं. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला तिचा राग यायचा, कारण तिचा आजार सगळ्यांना दिसत होता.

एका सकाळी सिस्टरनं माझ्या गोळ्या चादरीवर ठेवल्या. मी पाण्याची बाटली उचलली आणि परत गोळ्यांकडे पाहिलं, तर नजर चादरीवर भलतीकडे. चाचपडत बसले. म्हातारी पाहत होती. तिनं तिचा चालता डावा हात हळूहळू माझ्या पलंगावर आणला आणि एक बोट गोळीच्या शेजारी टेकवलं. मी बोटाकडे पाहिलं आणि गोळी दिसली. “बरं,” ती म्हणाली. पुढचे चार दिवस, तिन्ही वेळा, तिनं ते केलं. तिला माझ्या मेंदूतलं काय कळलं होतं मला ठाऊक नाही. मोठ्या डॉक्टरपेक्षा जास्त कळलं होतं.

*

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला मी दिलीपला सांगितलं की सगळ्या काचा फेरतपासायला लावणार आहे.

त्याचा घास हातातच राहिला. “म्हणजे लेखी देशीन का मी चुकली म्हणून? तुले नोकरी पायजेन का नाई?”

“त्या काचांत माणसं हायेत.”

“सायेबांनीच म्हटलं ना होतं असं कधीकधी? मंग तू काऊन उकरून राह्यली? तू बिमार होती, गुन्हा नाई केला.”

“बिमार होती तं आता बरी झाली ना? मंग आता गप्प बसली तं काय म्हणशीन त्याले?”

तो ताट सारून उठला. नंतर मला कळलं की तोही घाबरला होता. मी मरता मरता वाचले असं त्याला वाटत होतं आणि आता नोकरीही जाईल, लोक दारात येतील, असं त्याच्या डोळ्यांपुढं दिसत होतं. पण त्या आठवड्यात ते समजून घ्यायची माझी तयारी नव्हती. आम्ही आठ दिवस श्रुतीमार्फत बोललो.

केंद्रात साहेब तर हात जोडायलाच लागले. “मॅडम, रेकॉर्डवर त्या निगेटिव्ह आहेत. एवढ्या काचा पुन्हा कोण वाचणार? गावांत घबराट होईल. तुम्ही आराम करा.”

माझा आवाज चढला. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले एवढा चढला. मी म्हटलं, “तुमी मले लकी म्हणा, टेन्शन म्हणा, गृहिणी म्हणा, काईबी म्हणा. पण त्या काचांत कोणाले मलेरिया आहे हे मले मालूम नाई, तुम्हाले मालूम नाई, आन् ज्याले आहे त्यालेबी मालूम नाई! हे चालते तुम्हाले?” एवढं बोलून माझी डावी पापणी फडफडायला लागली आणि मी खुर्चीत बसले. साहेब घाबरून ब्लडप्रेशरचं मशीन शोधायला लागले.

मी करीमभाऊंना फोन लावला.

*

ते दुसऱ्याच दिवशी आले. गडचांदूरहून चंद्रपूर, तिथून आष्टी, तिथून दुसरी बस. सत्तरीचा माणूस, खांद्याला पिशवी, पिशवीत रुमालात गुंडाळलेली त्यांची स्वतःची जुनी भिंग-नळी, जी मायक्रोस्कोपला वरून लावतात.

त्यांना सगळं सांगितलं. नियमाचं सांगताना मला वाटलं ते हसतील. ते एकदम चिडले. माझ्यावर नाही.

“म्हणजे माह्या नियमानं घात केला.”

“तुमचा नियम बरोबर होता, भाऊ.”

“माह्या डोळ्यासाठी बरोबर होता! डोकं शाबूत हाये तोवर बरोबर. मी तुले हे काऊन नाई सांगतलं, का कधी खटकलं तं नियम फेकून दे म्हणून?” त्यांनी टेबलावर थाप मारली. “लाव पहिली काच.”

मी शेजारी बसून काचा देत गेले, नावं वाचत गेले. पहिली चुकलेली काच सापडली ती दुसऱ्या पेटीत. करीमभाऊ उठले, साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांना दंडाला धरून घेऊन आले. “सायेब, तुमीच पाहा.”

साहेबांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग त्यांनी जीप काढायला सांगितलं आणि फेरतपासणीच्या कागदावर सही केली. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानले. राग गेला नाही, पण आभार मानले.

चार दिवस लागले. एकूण अकरा काचा मलेरियाच्या निघाल्या. त्या अकरा नावांच्या मागे कमल आणि बाकीच्या आशाताई चिखल तुडवत गेल्या. दहा माणसं सापडली. काही तापानं खंगली होती, दोघांना भरती करावं लागलं, औषधं सुरू झाली. अकरावा माणूस कामाला तेलंगणात गेला होता. त्याचा फोन बंद होता. तो अजून बंद आहे. मी दर सोमवारी लावते.

शेवटच्या दिवशी करीमभाऊंनी श्रुतीकडून नखांचा रंग मागवला. आपल्या पापणीचा एक केस तोडला आणि त्या रंगाच्या थेंबानं भिंग-नळीच्या आत चिकटवला. आता डोळा लावला की गोलाच्या बरोबर मध्यापर्यंत एक काळी रेघ येते.

“आता नवीन नियम,” ते म्हणाले. “दिसलं का तिथंच झडप. ध्यानातबी नाई ठेवायचं, परतबी नाई यायचं. हातानं काच सरकव आन् ठिपका केसाच्या टोकावर आण. मंग तू पाणी पिऊन आली तरी तो तिथंच राहीन.”

मला ती म्हातारी आठवली, चादरीवरचं तिचं बोट.

पेटीत एक काच उरली होती. करीमभाऊंनी ती मुद्दाम ठेवली होती. “ही तू पाह्य.” आणि ते बाहेर जाऊन बाकावर बसले.

रैनूबाईची काच. मी एकेक गोल पाहत गेले. लाल चमकलं की झडप. रंगाचा कण. पुन्हा झडप. धूळ. आणि मग डाव्या कडेला तो होता. मी काच सरकवली आणि त्याला केसाच्या टोकावर आणलं. लाल ठिपका, निळसर कडी. त्याच्या खाली अजून एक. म्हणजे मी पाहिलं होतं. पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. जागाही बरोबर ध्यानात ठेवली होती. नजर तेवढी पोचली नव्हती.

मला वाटलं होतं की हे कळलं की बरं वाटेल. नाही वाटलं.

*

रैनूबाईच्या घरी मी कमलबरोबर गेले. दिलीपनं गाडीवरून नाल्यापर्यंत सोडलं. बोलला काही नाही, पण सोडलं.

ती अंगणात बसून टोपलीतले मशरूम, आम्ही सात्या म्हणतो त्या, निवडत होती. खूप वाळली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. आजाराचं सांगितलं ते कमी सांगितलं. मला तिच्यापुढं आजार ढालीसारखा धरायचा नव्हता.

ती ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं.

“तुले दिसलं होतं का?”

“दिसलं होतं.”

“मंग काऊन नाई सांगतलं?”

ह्याचं उत्तर माझ्याकडे फिल्मवर आहे, अहवालात आहे, त्या डॉक्टरीणबाईच्या चित्रात आहे. रैनूबाईच्या अंगणात त्यातलं एकही मी पुढं केलं नाही. मी म्हटलं, “माही चूक झाली, बाई.” तिनं ‘हो’ म्हटलं. माफ केलं वगैरे काही नाही. मी मागितलीही नव्हती माफी. कमलचा हात नकळत माझा पदर धरून होता.

तिनं टोपली बाजूला सारली. मग उठून आत गेली. बाहेर आली ती सासूला हाताला धरून. म्हातारी थरथरत होती, पांघरूण लपेटलेलं.

“हिले कालपासून ताप हाये,” रैनूबाई म्हणाली. कमलनं पिशवीत किट शोधायला हात घातला. रैनूबाईनं तिला थांबवलं आणि सासूचं बोट माझ्यापुढं धरलं.

“तूबी पाह्य. काचेवर. आन् दिसलं तं सांगजो.”

मी सुई काढली. म्हातारीचं बोट धरून टोचलं आणि थेंब काचेवर घेतला. काच रुमालात गुंडाळून केंद्रात आणली, त्याच दुपारी रंग दिला आणि डोळा लावला. चौथ्या गोलात डाव्या कडेला चमकलं. झडप घातली, काच सरकवली, केसाच्या टोकावर आणलं.

होता. मी रैनूबाईकडेच थांबलेल्या कमलला फोन लावला आणि सांगितलं.